भिंगरीकाकांचा निळा ट्रे

दिवसभर चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अरुंद खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा तो माणूस संध्याकाळी घरी आला की संपादक व्हायचा. हा शब्द त्याच्या बायकोचा. जिन्यावर पावलं वाजली की ती आतूनच लेकीला सांगायची, "संपादक आले गं, टेबल रिकामं कर." लेक आपला डबा, चार्जर, केसांच्या पिना गोळा करून उठायची आणि जेवणाच्या टेबलावर त्याचं कार्यालय मांडलं जायचं.

त्याची एक वेबसाइट होती. तिच्यावर एकाच कंपनीच्या कॉम्प्युटरविषयी बातम्या आणि मतं असायची, दुसरं काही नाही. कंपनीचं खरं नाव लांबलचक आणि जिभेला न वळणारं होतं, पण झाकणावर फिरकीचं चित्र असल्यामुळे ते कॉम्प्युटर वापरणारे सगळे त्याला भिंगरीच म्हणायचे. नवी भिंगरी कधी येणार, तिचा पडदा केवढा असणार, कंपनीने कीबोर्डच्या कळांचा आवाज का बदलला, जुन्या मॉडेलला नवी प्रणाली झेपेल का, असल्या गोष्टींवर तो रोज लिहायचा. शनिवारी 'काकांचं मत' यायचं. वाचक त्याला भिंगरीकाका म्हणत. त्याच्याहून वयाने मोठे, निवृत्त झालेले लोकही काकाच म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. दुकानात त्याला दिवसभरात एकच वाक्य ऐकू यायचं: "झालं का?"

बायकोने ती साइट कधी उघडून पाहिली नव्हती. त्यात तुच्छता नव्हती. तिला वेळच नव्हता. लग्नाआधी ती एका बेकरीत गल्ल्यामागे उभी राहायची; तिथल्या भट्टीवाल्याकडून बघून बघून शिकली, आणि लेक शाळेत जायला लागल्यावर तिने स्वतःचा मोठा ओव्हन घेतला. मागची बाल्कनी काचा लावून बंद केली आणि तिथे तो बसवला. चार घरच्या ऑर्डरी घेता घेता दोन गल्ल्या पलीकडच्या बालवाडीचं काम तिला मिळालं. रोज सकाळी तिथल्या मुलांसाठी गोड बन, आणि आठवड्यातून एकदा बिस्किटं. बन ती भाजायच्या ट्रेमधूनच न्यायची. निळ्या मुलाम्याचा, जाड पत्र्याचा ट्रे. एका कोपऱ्याचा टवका उडून तिथे आतलं काळं लोखंड दिसायचं. मुलांना तो ट्रे इतका ओळखीचा झाला होता की तो दारातून आत येताना दिसला की खेळणी टाकून ती आपापल्या जागी बसायची. बालवाडीच्या बाई म्हणायच्या, "माझ्या घंटेपेक्षा तुमच्या ट्रेचं जास्त ऐकतात."

घरात दोघांची दोन राज्यं होती. टेबल त्याचं, बाल्कनी तिची. लेक बँकेच्या कॉल सेंटरमध्ये लागली होती आणि दोन्हीकडे पाहुणी असल्यासारखी वागायची.

त्याचं नाव झालं ते बिजागरीच्या प्रकरणामुळे. एका साली आलेल्या भिंगरीची झाकणं वर्षभरात तुटायला लागली. कंपनीने पत्रक काढलं: 'काही मोजक्या ग्राहकांना, विशिष्ट परिस्थितीत, अशी अडचण जाणवू शकते.' त्या एका वाक्यावर तो शनिवारमागून शनिवार तुटून पडला. मोजके म्हणजे किती? विशिष्ट परिस्थिती म्हणजे काय, झाकण उघडणं? 'जाणवू शकते' म्हणजे तुटलेलं झाकण हा आमचा भास आहे का? प्रत्येक लेखाचा शेवट तो एकाच ओळीने करायचा: चूक झाली, एवढे दोनच शब्द लिहा. शेवटी कंपनीने बिजागऱ्या फुकट बदलून दिल्या आणि त्याला एक छोटंसं उत्तरही पाठवलं. ते त्याने मोठ्या अक्षरांत छापून, फ्रेम करून बैठकीत लावलं. त्यासाठी खिळा नवा ठोकला नाही. जुन्याच खिळ्यावरचा लग्नाचा फोटो उतरवला. बायकोने तो फोटो कपाटावर उभा केला आणि म्हणाली, "कंपनीने तुम्हाला उत्तर तरी दिलं. मी तर नुसता होकार दिला होता."

साइटवरचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख मात्र बिजागरीचा नव्हता. त्याचं नाव होतं 'मेलेली भिंगरी उठवा'.

जुन्या भिंगरीत एक खोड होती. चार-पाच वर्षं वापरली की पडद्यावर आधी रेघा यायच्या, मग एक दिवस तो काळाच व्हायचा. आतल्या मुख्य पाटीवरच्या, म्हणजे बोर्डवरच्या, एका चिपखालचे डागकामाचे बारीक टाके तापून-गार होऊन तडकायचे. दुरुस्तीवाले हात वर करायचे. पण हौशी लोकांनी एक उपाय काढला होता: बोर्ड सोडवायचा, चांदीच्या कागदात गुंडाळायचा आणि घरच्या ओव्हनमध्ये भाजायचा. टाके पातळ होऊन परत जुळायचे. बाहेर काढून गार केला, परत बसवला, की मेलेलं यंत्र उठून बसायचं. काही महिन्यांनी परत मरायचं, पण तेवढे महिने तर मिळाले.

हे जगभर करत होते. त्याने स्वतः करून पाहिलं, फोटो काढले, आणि बिस्किटांची कृती लिहावी तसं लिहिलं: ओव्हन आधी तापवून घ्या, ट्रेमध्ये चांदीच्या कागदाचे गोळे ठेवून त्यांवर बोर्ड टेकवा, मध्येच दार उघडू नका. लोक खूश झाले. मग काहीजण आपले मेलेले बोर्ड त्याच्याकडेच घेऊन यायला लागले. तो फुकट भाजून द्यायचा. एका विद्यार्थिनीचा सगळा अभ्यास एका भिंगरीत अडकला होता. पडदा उजळला तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून रडली. त्या दिवशी घरी येऊन बायकोने विचारलं, आज स्वारी एवढी खुशीत का, तर तो म्हणाला, "असंच."

कारण बायको रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला आईकडे जायची, लेक पाळीवर असायची, आणि बोर्ड रविवारीच भाजले जायचे. तिच्या ओव्हनमध्ये, तिच्या निळ्या ट्रेमध्ये.

तो खिडक्या उघडायचा, नंतर सोडा लावून आतून घासायचा. तरी वास राहायचाच. एकदा सोमवारी सकाळी ओव्हन तापवल्यावर बायको म्हणाली, काहीतरी जळकं, डिंकासारखं येतंय. तो म्हणाला, आतली तार गेली असेल. तिने मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने ओव्हन भिंतीपासून ओढून मागचा पत्रा खोलला, तारा चाचपल्या, आणि काही सापडत नाही म्हणाला. ते होईपर्यंत मिस्त्रीला टॉर्च धरून उभा होता तो हाच.

उघडं पडलं ते एका चाहत्याच्या आनंदामुळे.

त्या दिवशी बायको बन देऊन, ट्रे रिकामा होण्याची वाट बघत बालवाडीच्या दारात थांबली होती. बाई शेजारीच उभ्या होत्या. एक तरुण बाप आपल्या मुलीला उशिरा सोडायला आला. मुलगी आत धावली आणि बन उचलून बसली. बापाची नजर ट्रेवर गेली. तो खाली वाकला, त्या टवका उडालेल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि वर बघून हसला.

"काकू, तुम्ही भिंगरीकाकांच्या घरच्या ना?"

ती म्हणाली, हो, पण तुम्ही कसं ओळखलंत?

"अहो, हा ट्रे! याचा फोटो माझ्याकडे सेव्ह केलेला आहे. माझा बोर्ड याच्यातच भाजला काकांनी. अजून चालतोय. मी टकटक. साइटवर माझं तेच नाव आहे. काकांना सांगा टकटक भेटला होता." आणि त्याने फोन काढला. "एक फोटो घेऊ का? ट्रे जरा वर धरा."

तिने ट्रे वर धरला. आपण काय ऐकलं ते तिला अजून नीट कळलेलं नव्हतं, आणि कोणी फोटो काढतंय म्हटल्यावर हात आपोआप वर जातो. बाई कौतुकाने म्हणाल्या, तुमचे मिस्टर प्रसिद्ध आहेत की. बोर्ड म्हणजे त्यांना फळा वाटला असेल, नाहीतर एखादा नवा पदार्थ. त्यांनी विचारलं नाही. आत टकटकची मुलगी बनावरची साखर चाटत होती.

रस्त्यात बायकोला ते सगळं समजलं. डिंकाचा वास, मिस्त्री, टॉर्च. दुधाच्या दुकानापाशी ती थांबली आणि ट्रे उलटा करून बघितला. खाली काहीच नव्हतं. नेहमीसारखा घासलेला, स्वच्छ. ते स्वच्छ असणंच तिला बघवेना.

लेकीची त्या दिवशी दुपारची पाळी होती. बायकोने तिला साइट उघडून द्यायला सांगितली आणि टेबलाशी बसून वाचायला लागली. तिने फक्त तो लेख वाचला नाही. मागे मागे जात सगळं वाचलं. बिजागरीचे सगळे शनिवार वाचले. लेकीला आईच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं वाटलं होतं. पण एके ठिकाणी आई चक्क हसली. म्हणाली, "चांगलं लिहितो की हा माणूस." मग खाली सरकत सरकत ट्रेच्या फोटोपाशी परत आली आणि तिथेच बसून राहिली.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली तेव्हा 'संपादक आले' असं कोणी म्हटलं नाही. टेबल रिकामं केलेलं नव्हतं. त्यावर निळा ट्रे होता.

त्याने आधी ट्रेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कानावर हात ठेवण्यात अर्थ नव्हता, ते त्याला कळलं. तो समजावायला लागला. चांदीचा कागद असतो मध्ये. नंतर सोड्याने घासतो मी, दोनदा. जगभर लोक करतात. आणि बोर्डाच्या टाक्यांत आता शिसं नसतंच, कंपनीने ते केव्हाच बंद केलं.

लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, बंद केलं तेव्हा तूच लिहिलं होतंस. 'आपली भिंगरी आता शिशाशिवाय.' आज वाचलं आम्ही. पण रेघा येऊन मरतात त्या त्याच्या आधीच्या ना? तू भाजलेस ते सगळे आधीचेच ना?"

तो म्हणजे कुठल्या सालच्या कुठल्या मॉडेलात काय होतं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा माणूस. त्याला ठाऊक नव्हतं असं म्हणण्याची सोय नव्हती. ठाऊक असलेली ती गोष्ट त्याने टेबलावरच ठेवली होती, बाल्कनीपर्यंत कधी नेली नव्हती.

बायको म्हणाली, "चाळीस पोरं आहेत तिथे."

"कोणाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "यापुढे एकही बोर्ड नाही. शप्पथ. ट्रे टाकून देऊ, नवा आणू. उगाच बोभाटा करून तुझं काम जाईल, एवढंच होईल. कोणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

 ती पुढे म्हणाली की बाईंना मी उद्या सांगणार. ते माझं काम आहे, मी बघेन. पण तो लेख वाचून किती घरांत किती बायकांच्या ओव्हनमध्ये हे चाललंय, ते तुमचं काम. लेख काढून टाकायचा नाही, त्याने तुम्ही नामानिराळे व्हाल. त्याच्याच डोक्यावर लिहायचं, काय केलं ते.

"कंपनीला सांगत होता ना, दोन शब्द लिहा म्हणून. तेवढंच लिहा."

तो टेबलाशी बसला. ट्रे तसाच समोर. बराच वेळ कळांचा आवाज आला, थांबला, परत आला. मग त्याने लेकीला बोलावून वाचायला दिलं. लेकीने मोठ्याने वाचलं: "'काही मोजक्या परिस्थितींमध्ये, विशिष्ट जुन्या मॉडेलचे बोर्ड घरगुती ओव्हनमध्ये तापवल्यास...'" आणि तिला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते हसणं राहिलं नाही. बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. त्याने लेकीच्या हातून कॉम्प्युटर घेतला आणि सगळं पुसलं.

दुसऱ्या दिवशी ती बालवाडीत रिकाम्या हाताने गेली. मुलांनी तिच्यामागे ट्रे शोधला. बाईंच्या खोलीत बसून तिने सगळं सांगितलं: ओव्हन, बोर्ड, शिसं, आणि मला कालपर्यंत माहीत नव्हतं हेही. ते शेवटचं सांगताना तिला लाज वाटली, कारण नवरा-बायकोच्या एका घरात ते खरं वाटण्यासारखं नव्हतं. बाई चांगल्या होत्या. ओरडल्या नाहीत. पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत हे तुमचं मोठेपण आहे, ताई. पण मला पालकांना सांगावं लागेल. आणि बन आता..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही आणि हिनेही करायला लावलं नाही.

त्याच संध्याकाळी लेखाच्या डोक्यावर मजकूर आला. सुरुवात अशी होती: 'चूक झाली. ज्या ओव्हनमध्ये माझी बायको लहान मुलांचं खाणं भाजते, त्यात मी तिला न सांगता हे बोर्ड भाजले. त्यात शिसं आहे हे मला माहीत होतं.' खाली त्याने स्पष्ट लिहिलं की जेवणाच्या ओव्हनमध्ये हे कोणीही करू नये, आणि केलं असेल तर तो ओव्हन परत खाण्यासाठी वापरू नये.

एवढी वर्षं वाचकांना ओळखूनही प्रतिक्रिया वाचून त्याचं तोंड उतरलं. पहिल्याने विचारलं, मग वेगळा जुना ओव्हन आणला तर चालेल का? दुसरा म्हणाला, काका, उगाच घाबरवताय, तेवढ्या उष्णतेला शिसं उडत नाही. तिसऱ्याने त्याला उत्तर दिलं, चौथ्याने तिसऱ्याला, आणि त्यांचं आपापसांत तापमानावरून जुंपलं. बायकोबद्दल, मुलांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. टकटकने मात्र एकच ओळ लिहिली: 'काका, माझी मुलगी त्या शाळेत आहे.' त्याच्या खाली कोणीच काही लिहिलं नाही. तीन वेळा उत्तर टाइप करून तीन वेळा पुसल्यावर त्याने टकटकचा नंबर शोधून फोन केला. फोन उचलला गेला नाही.

मुलांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. बाईंनी फोन करून सांगितलं: सगळ्यांचं ठीक आहे, कुणाच्याही रक्तात काळजीचं काही नाही. बायको फोन ठेवून बाल्कनीतल्या स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. बन आता दुसऱ्या बेकरीतून जायला लागले होते. ते बदलणार नव्हतं. घरच्या ऑर्डरीही एकेक करून बंद झाल्या. कोणी कारण सांगितलं नाही. पाहुणे गावाला गेलेत, डॉक्टरांनी गोड बंद केलंय, असंच.

ओव्हन तिने लेकीच्या मदतीने बाल्कनीतून ओढत आणला आणि बैठकीत, फ्रेम केलेल्या उत्तराच्या बरोबर खाली ठेवला. वर निळा ट्रे. "हा आता तुमचा," ती म्हणाली. "पाहिजे तेवढे भाजा." त्याने परत एकही बोर्ड भाजला नाही. ओव्हन टाकूनही देता येईना. येता-जाता त्याला कडेने जावं लागायचं, आणि जेवणाच्या टेबलावर बसलं की तो समोरच असायचा. एका रविवारी त्याने फ्रेम उतरवली आणि कपाटावरचा लग्नाचा फोटो परत खिळ्यावर लावला. बायकोने पाहिलं. खाली ओव्हन, वर फोटो. तिने तो काढला नाही.

एक गोष्ट राहिली होती. रोज सकाळी त्या ओव्हनचं दार उघडून तोंडावर वाफ घेणारी ती एकटीच होती. मुलांनी एकेक बन खाल्ला; ती त्या हवेत उभी राहिली होती. तो तिच्या मागे लागला, तूही तपासून घे. ती आठवडाभर नाही म्हणत राहिली, मग लेकीबरोबर जाऊन रक्त देऊन आली. लॅबमधून फोन आला तेव्हा तो दुकानात होता. सगळं ठीक आहे, त्यांनी सांगितलं. तिने लेकीला ते सांगितलं आणि बजावलं, बाबाला मी सांगेन.

पण तिने सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तो संध्याकाळी यायचा, टेबलाशी बसायचा, कॉम्प्युटर उघडायचा आणि काही लिहायचा नाही. नवी भिंगरी बाजारात आली होती. वाचक विचारत होते, काका, तुमचं मत काय? लेक आईला खुणेने म्हणायची, पुरे की आता. आई भाजी चिरत राहायची.

शेवटी तोच उठून ओट्यापाशी आला.

"अगं, तुझा रिपोर्ट?"

"आलाय."

तो थांबला. ती चिरत राहिली. चाळीस पोरांच्या रिपोर्टची तिने जितके दिवस वाट पाहिली होती, तितके दिवस त्याचे अजून भरायचे होते.

"काय आलंय?"

तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.  

"सांगेन," ती म्हणाली. "कधी ते मी ठरवेन. तुम्हीही तसंच ठरवलं होतं ना."

आणि तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली.